दर वर्षी नव्याने ‘होय’

गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी त्यासाठी पवनी तालुक्यात आले होते. वैनगंगेवर अकरा किलोमीटरहून लांब भिंत, तिच्यात तेहतीस वक्राकार दरवाजे, आणि भंडारा, नागपूर, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतल्या २,५०,८०० हेक्टर जमिनीला पाणी देण्याचा संकल्प. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा तेहतीसही दरवाजे उघडावे लागले. ते पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांना या धरणाच्या आकाराबद्दल वेगळं काही सांगायला नको.

मला मात्र भिंतीपेक्षा जास्त नवल वाटतं ते या धरणाच्या पैशाचं. धरण एकदा मंजूर झालं म्हणजे त्याचा पैसाही मंजूर झाला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तसं नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेने एका वर्षासाठी दिलेली खर्चाची परवानगी ३१ मार्चला संपते. १ एप्रिलला सरकारच्या हातात पुन्हा काही नसतं. धरण अर्धवट असो, कालव्याचं अस्तरीकरण चालू असो, बुडालेल्या गावाच्या नव्या गावठाणात नळाची पाइपलाइन टाकायची असो, पुढच्या वर्षासाठी सरकारने सभागृहापुढे पुन्हा उभं राहायचं आणि पुन्हा मागायचं. चार दशकांचं काम, आणि परवानगी फक्त बारा महिन्यांची. ही व्यवस्था कुणी आणि का केली असेल, हे कळायला लागलं की अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं रुक्ष वाटेनाशी होतात.

याचं मूळ समजायला १९०२ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी २६ मार्चला कलकत्त्यात, लॉर्ड कर्झनच्या कायदेमंडळात, गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. सरकारी तिजोरीत दर वर्षी शिल्लक पडत होती आणि सरकार ती भरभराटीची खूण म्हणून दाखवत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिलं, की ही शिल्लक भरभराटीची नाही, गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची आहे. आणि त्यात मिठावरचा कर सगळ्यात जाचक आहे. पुढच्या वर्षी मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. पण त्या सभागृहात गोखल्यांना एक अधिकार नव्हता: मत देण्याचा. अर्थसंकल्पावर सभासदांनी बोलायचं, सरकारने ऐकायचं, आणि आकडे जसेच्या तसे लागू व्हायचे. पुढे १९१९ च्या कायद्याने प्रांतांच्या कायदेमंडळांना काही खर्चावर मतदान मिळालं, तरी नाकारलेली रक्कम पुन्हा घालण्याची सोय गव्हर्नरकडे राहिलीच.

म्हणून १९५० च्या राज्यघटनेतला अनुच्छेद २६६ वाचताना अंगावर काटा येतो. राज्याला मिळणारा कर, शुल्क, कर्ज हे सगळं एका एकत्रित निधीत जमा होतं आणि कायद्याने परवानगी दिल्याशिवाय त्यातून काहीही काढता येत नाही. मुख्यमंत्र्यांना नाही, राज्यपालांनाही नाही. गोसीखुर्दला लागणाऱ्या सिमेंटच्या एका पोत्यासाठीही नाही.

आता ही परवानगी मिळते कशी ते पाहू.

पावसाळा सरत आला की वित्त विभागाचं परिपत्रक निघतं. पुढच्या वर्षाचे अंदाज अमुक तारखेपर्यंत पाठवा. पवनी-भंडाऱ्याच्या शिवारात धान पिवळं पडायला लागलेलं असतं, तेव्हा पाटबंधाऱ्याच्या कार्यालयांत हे आकडे जुळवायला सुरुवात होते. उपविभागाकडून कार्यकारी अभियंत्याकडे, तिथून अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता, मग नागपूरचं विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ, मग मंत्रालयातला जलसंपदा विभाग, आणि शेवटी वित्त आणि नियोजन विभाग. वर चढताना मागणी बहुतेक वेळा बारीक होत जाते, कारण प्रत्येक पायरीवर दुसऱ्या प्रकल्पांच्या मागण्या तिच्या शेजारी येऊन उभ्या राहतात.

जिल्ह्याची स्वतंत्र वाटही आहे. रस्ते, शाळाखोल्या, अंगणवाड्या, छोटे तलाव अशा कामांसाठी जिल्हा वार्षिक योजना असते. ती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीत ठरते आणि वर्षाच्या सुरुवातीला विभागवार बैठकांत वित्तमंत्र्यांपुढे जाते. भंडाऱ्याची योजना नागपूर विभागाच्या बैठकीत मांडली जाते. गोसीखुर्दएवढं काम मात्र त्या वाटेने जात नाही, ते राज्याच्या मोठ्या वाटेनेच जातं.

या अंदाजपत्रकातली एकच ओळ जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक बाबीपुढे आकड्यांचे रकाने असतात: गेल्या संपलेल्या वर्षात प्रत्यक्ष खर्च किती झाला, चालू वर्षासाठी किती मंजूर होते, त्याचा सुधारित अंदाज काय, आणि पुढच्या वर्षासाठी किती हवेत. म्हणजे तीन वर्षं एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेली. मंजूर १०० आणि खर्च ६० दिसला, की काम अडलं होतं हे भाषण न ऐकताही कळतं. जमीन ताब्यात आली नाही, कंत्राट अडकलं, की पैसाच वेळेवर सुटला नाही, हे मग विचारता येतं.

त्याच ओळीच्या डोक्यावर एक चार अंकी क्रमांक असतो. जलसंपदाच्या मोठ्या कामांच्या बाबतीत तो अनेकदा ४७०१ असतो. हा क्रमांक कुणी सहज दिलेला नाही. त्यातला पहिला अंक पैशाची जात सांगतो. शून्य असेल तर ती जमा. दोन असेल तर रोजचा म्हणजे महसुली खर्च. चार असेल तर भांडवली खर्च, ज्यातून टिकाऊ मत्ता उभी राहते. सहा असेल तर सरकारने दिलेलं कर्ज. मागचे तीन अंक विषय सांगतात. म्हणून सिंचनाची पाणीपट्टी ०७०१ मध्ये जमा होते, कालव्याची देखभाल-दुरुस्ती २७०१ मधून होते आणि नवं बांधकाम ४७०१ मध्ये येतं. आरोग्यालाही हेच लागू: ०२१० ही जमा, २२१० हा दवाखान्यांचा रोजचा खर्च, ४२१० ही नवी इमारत. दोन-दोन हजार मिळवत जा आणि पैसा कोणत्या कामाचा ते कळत जातं. देशातल्या प्रत्येक राज्यात हीच पद्धत आहे. भंडाऱ्यातला माणूस केरळच्या अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडून, मल्याळमचं एक अक्षर न वाचता, तिथे धरणांवर किती गेलं आणि दवाखान्यांवर किती, हे काढू शकतो. इतकी मोठी सोय आपल्याकडे आहे आणि शाळेत ती कुणी शिकवत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

गोसीखुर्दचा पैसा या ४७०१ खाली महामंडळाला भागभांडवली अंशदान म्हणून जातो. १९९७ मध्ये महामंडळ स्थापन झालं तेव्हापासून सरकार प्रकल्पावर थेट खर्च न करता महामंडळात भांडवल घालतं आणि महामंडळ काम करतं. याचा परिणाम लक्षात ठेवायला हवा. विधानसभा मतदान करते ते मागणीच्या एकूण रकमेवर. त्यातलं गोसीखुर्दच्या वाट्याचं शोधायचं, तर सोबतच्या तपशिलाच्या पुस्तकांत शिरावं लागतं. मागण्यांनाही अक्षरं आहेत: गृह विभागाची ‘बी’, कृषीची ‘डी’, सार्वजनिक बांधकामाची ‘एच’, जलसंपदाची ‘आय’. सिंचनाचा भांडवली खर्च ‘आय-५’ या मागणीत येतो.

मग मार्चचा तो दिवस. बहुधा आदल्या दिवशी आर्थिक पाहणी अहवाल सभागृहात आलेला असतो. अर्थसंकल्पाला मंत्रिमंडळाची मान्यता भाषणाच्या दिवशीच, भाषणाआधी घेतली जाते. दुपारी वित्तमंत्री विधानसभेत भाषण वाचायला उभे राहतात आणि त्याच वेळी विधान परिषदेत राज्यमंत्री तेच भाषण वाचतात. दोन सभागृहं, एक मजकूर, एक वेळ. १० मार्च २०२५ रोजी तेव्हाचे वित्तमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला, तो त्यांचा अकरावा होता. त्यांच्यापुढे एकच नाव: बॅरिस्टर शेषराव वानखेडे, तेरा अर्थसंकल्प. त्या वर्षीचा एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये धरला होता आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी.

सात लाख कोटी म्हटलं की वाटतं, यातून काय वाटेल ते करता येईल. पण महसुली उत्पन्नातले निम्म्याहून अधिक पैसे पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जातात. व्याज तर सभागृहाच्या मतालाही येत नाही. राज्यपालांचा आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा पगार, अध्यक्षांचं वेतन, कर्जावरचं व्याज हा ‘भारित’ खर्च. त्यावर चर्चा करता येते, मतदान नाही. कारणही योग्य आहे. न्यायाधीशांचा पगार दर वर्षी बहुमताच्या मर्जीवर ठेवला, तर न्यायाधीश सरकारविरुद्ध निकाल कसा देतील? आणि घेतलेल्या कर्जाचं व्याज द्यायचं की नाही हे मतदानाने ठरवायचं म्हटलं, तर पुढचं कर्ज कोण देईल?

भाषणानंतर काही दिवस सर्वसाधारण चर्चा चालते. वर्तमानपत्रांत येतं ते बहुधा एवढंच. खरं काम त्यानंतर, मागण्यांवर होतं. आणि इथे घटनेतला एक नियम असा आहे, जो पहिल्यांदा कळल्यावर मी कितीतरी वेळ त्याच पानावर थांबून होतो. अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणी मांडताच येत नाही, म्हणजे पैसा मागण्याचा अधिकार फक्त सरकारचा.

याचा गोसीखुर्दच्या दृष्टीने अर्थ काय? विधानसभेत २८८ आमदार आहेत. भंडारा जिल्ह्याचे त्यांतले तीन: तुमसर, भंडारा आणि साकोली. पवनी तालुका भंडारा मतदारसंघात येतो. समजा त्या आमदारांना वाटलं, की गोसीखुर्दच्या डाव्या कालव्याला आणखी शंभर कोटी हवेत. ते तसा प्रस्ताव मांडूच शकत नाहीत. मग ते काय करतात? कपात सूचना देतात. संसदीय परंपरेत कपातीचे तीन प्रकार आहेत: धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर आणा, उधळपट्टी दिसली तर अमुक रक्कम कापा, आणि एखादी तक्रार मांडायची असेल तर मागणी शंभर रुपयांनी कमी करा. हजारो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये! या शंभर रुपयांच्या निमित्ताने कालवा कुठे फुटला, शेवटच्या गावाला पाणी का पोचलं नाही, पुनर्वसित गावठाणाला स्मशानभूमी का नाही, हे सगळं सभागृहाच्या कामकाजात नोंदलं जातं आणि मंत्र्यांना त्यावर उत्तर द्यावं लागतं. जास्त मिळावं म्हणून कमी करा म्हणायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. प्रत्येक आमदाराला वाढ मागता आली असती, तर २८८ मतदारसंघांच्या वाढी एका रात्रीत मंजूर झाल्या असत्या आणि त्यांची जबाबदारी कुणाचीच उरली नसती. आज पैसा मागितला सरकारने, म्हणून हिशेबही सरकारनेच द्यायचा.

मतदान मात्र झटपट होतं. अध्यक्ष मागणी वाचतात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’. आवाज होतो, अध्यक्ष बहुमत कोणाचं ते सांगतात आणि पुढची मागणी. ज्या विभागांच्या चर्चेला वेळ उरत नाही, त्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेशिवाय मताला टाकल्या जातात. हजारो कोटी असे काही मिनिटांत मंजूर होतात. ही या पद्धतीतली सगळ्यात दुबळी जागा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लोकसभेत विभागवार स्थायी समित्या मागण्या आधी तपासतात. राज्याच्या अर्थसंकल्पाचीही मतदानाआधी अशीच नीट तपासणी व्हायला हवी.

मागण्या मंजूर झाल्या तरी पैसा अजून हलत नाही. त्या सगळ्या मागण्या आणि भारित खर्च मिळून विनियोजन विधेयक होतं. ते मंजूर झालं, राज्यपालांची संमती मिळाली, की तो कायदा. विधान परिषदेचे ७८ सदस्य अर्थसंकल्पावर बोलतात, पण मागण्यांवर त्यांना मत नाही. विनियोजन विधेयक हे धन विधेयक असतं, ते चौदा दिवसांच्या आत त्यांनी परत पाठवायचं. शिफारशी करता येतात, त्या मानणं विधानसभेवर बंधनकारक नाही. निवडणुकीच्या वर्षी वेळ नसतो, तेव्हा काही महिन्यांपुरतं लेखानुदान घेतात. २०२४ मध्ये २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प आला आणि लोकसभेची निवडणूक आटोपल्यावर २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प.

विदर्भाच्या बाबतीत या सगळ्यावर आणखी एक थर आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ठरलं, की विदर्भ महाराष्ट्रात येईल, निधीत त्याला न्याय्य वाटा मिळेल आणि सरकार वर्षातून काही काळ नागपुरात बसेल. १९५६ मध्ये घटनेत अनुच्छेद ३७१(२) आला. त्यानुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं नेमण्याची आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. कागदावर असलेली ही तरतूद प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. त्याआधी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये हिशेब मांडला होता: राज्यातला एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटींचा आणि त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के. ‘अनुशेष’ हा सरकारी शब्द तेव्हापासून विदर्भात चहाच्या टपरीवरही बोलला जातो. २००१ पासून राज्यपाल निधीवाटपाचे निर्देश देऊ लागले आणि कोणत्या प्रदेशात सिंचनाला किती, हे त्यांतून ठरू लागलं. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. पैसा वाटताना विदर्भाच्या बाजूने बोलणारी ती एक घटनात्मक जागा रिकामी झाली, आणि माझ्या मते तिची उणीव आज जाणवते.

नागपूर करारातली दुसरी गोष्ट मात्र अजून टिकून आहे. डिसेंबरात विधिमंडळ नागपूरला येतं, आणि तिथे पुरवणी मागण्या येतात. मार्चमध्ये धरलेला अंदाज कमी पडला, नवी योजना आली, पुरात नुकसान झालं, तर मधल्या अधिवेशनात सरकार जादा मागतं. कधी पैसा दुसऱ्या बाबीवर वाचलेला असतो, फक्त नव्या कामासाठी सभागृहाची संमती हवी असते. तेव्हा हजार रुपयांची लाक्षणिक मागणीही येते. इतका या नियमाचा कटाक्ष आहे. पण पुरवणी मागण्यांचा आकार आता लहान राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात त्या ३५,७८८ कोटींच्या होत्या, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात मुंबईत ५७,५०९ कोटींच्या. मूळ अर्थसंकल्प मांडून चार महिने होत नाहीत तोच त्याच्या आठ टक्क्यांएवढी भर मागितली, तर मार्चमधल्या चर्चेला अर्थ किती उरला, हे विचारलंच पाहिजे.

आता कायदा झाला, पैसा वाटेला लागला. वित्त विभाग ‘बीम्स’ या संगणकप्रणालीतून निधी टप्प्याटप्प्याने विभागांना सोडतो. काम झालं की मोजमाप पुस्तकात नोंद, मग देयक, मग रक्कम. ३१ मार्चपर्यंत न वापरलेली परवानगी व्यपगत होते. म्हणून सरकारी कार्यालयांत मार्चअखेरीस मध्यरात्रीपर्यंत दिवे जळतात.

गोसीखुर्दला या वाटेने किती आलं? अर्थसंकल्पांतल्या घोषणा पाहिल्या तर २०२१-२२ साठी १,००० कोटी, २०२२-२३ साठी ८५३ कोटी, २०२३-२४ साठी १,५०० कोटी. वर-खाली, वर-खाली. खणलेल्या कालव्याला असा चढउतार सोसत नाही. अर्धवट अस्तर उखडतं आणि ते पुन्हा करावं लागतं. प्रकल्पाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली ती ३७२ कोटी रुपयांची. २०१६ मध्ये सुधारित किंमत १८,४९४ कोटी झाली. २०२५ मध्ये २५,९७२ कोटी. जवळपास सत्तर पट. यात महागाई आहे, भूसंपादनाचे वाढलेले दर आहेत, बदललेले आराखडे आहेत, निकृष्ट कालव्यांची दुरुस्ती आहे. आणि यात एक कारण थेट अर्थसंकल्पाचं आहे: राज्यभर शेकडो प्रकल्प एकाच वेळी सुरू करून प्रत्येकाला थोडं थोडं दिलं, की कोणताच वेळेत पुरा होत नाही आणि सगळ्यांची किंमत वाढत राहते. २०१२ मध्ये सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली आणि पाठोपाठ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमावं लागलं, त्यामागे हा गुंताही होता.

२००८-०९ मध्ये केंद्राने गोसीखुर्दला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. सिंचनाच्या भागासाठी सुरुवातीला ९० टक्के केंद्रीय मदत होती. पण दिल्लीहून आलेला तो पैसाही आधी राज्याच्या एकत्रित निधीत पडतो आणि तिथून बाहेर पडायला पुन्हा मुंबईचं ‘होय’ लागतं. २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर झालं, तेही याच दारातून गेलं. ज्यांचं शेत आणि घर पाण्याखाली गेलं, त्यांच्या दृष्टीने पॅकेजची घोषणा झाली तो दिवस महत्त्वाचा नसतो. त्याची तरतूद ज्या वर्षीच्या पुस्तकात आली आणि ज्या वर्षी प्रत्यक्ष खर्ची पडली, ती वर्षं महत्त्वाची असतात.

खर्च झाल्यावर विधानसभेचं काम संपत नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. महालेखाकारांचं कार्यालय नागपुरातही आहे. त्यांचा अहवाल विधिमंडळापुढे येतो आणि लोकलेखा समिती सचिवांना बोलावून विचारते: मंजूर एवढे होते, खर्च एवढाच का, आणि जास्त झाला तर कोणाच्या परवानगीने? तिचं कामकाज बातम्यांत फारसं येत नाही. पण १९०२ मध्ये गोखल्यांनी एकट्याने जे केलं, सरकारचेच आकडे घेऊन सरकारला विचारलं, ते आज एक समिती हक्काने करते.

आता वैनगंगा-नळगंगा नदीजोड येऊ घातला आहे. गोसीखुर्दचं पाणी सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालव्याने बुलढाण्यापर्यंत नेण्याची ही योजना आहे. अंदाजे खर्च ८८ हजार कोटींहून अधिक, लाभक्षेत्र ३,७१,२७७ हेक्टर. म्हणजे गोसीखुर्दचं नाव पुढची अनेक वर्षं अर्थसंकल्पांत येत राहणार. पहिल्या अडीच लाख हेक्टरांचं पाणी पुरतं पोचण्याआधीच दुसरी मोठी मागणी रांगेत उभी राहते आहे, आणि दोन्हींचा पैसा त्याच ‘आय’ अक्षराखालून जाणार आहे.

अर्थसंकल्पाची ही पुस्तकं गुपित नाहीत. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर ती कुणालाही उघडून पाहता येतात. पुढच्या मार्चमध्ये भाषणातल्या टाळ्यांच्या वाक्यावर थांबू नका. जलसंपदाची मागणी काढा, ४७०१ शोधा, विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ओळीवर बोट ठेवा आणि तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी वाचा. मंजूर आणि खर्च यांत फरक दिसला, तर तो कागदावर लिहून तुमच्या आमदारांकडे न्या आणि त्यावर कपात सूचना द्यायला सांगा. ती देण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि ती द्या म्हणून सांगण्याचा तुम्हाला.